रक्ताच्या कॅन्सरचं कोडं कसं उलगडलं? मुंबईच्या मुस्लिम मातांपासून आजच्या टी-पेशींपर्यंत

घरात कुणाला कॅन्सर निघाला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "गाठ कुठं आहे? ऑपरेशन करून काढून का टाकत नाहीत?" ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर असेल, तर या प्रश्नाला डॉक्टरांकडे सरळ उत्तर नसतं. कारण काढून टाकावी अशी गाठच तिथं नसते. बिघाड अंगभर फिरणाऱ्या रक्तात असतो आणि त्याचं मूळ पेशीच्या आत, डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या रेणूंमध्ये असतं.

म्हणूनच या आजारावरचा प्रत्येक मोठा उपचार शस्त्रक्रियेच्या टेबलावर नाही, तर प्रयोगशाळेत सापडला. मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबाला सोलापूर, बार्शी, पुणे करत मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत जावं लागतं, तेव्हा हातात पडणाऱ्या फाईलमध्ये जे अवघड शब्द असतात, त्या प्रत्येकामागे कुणाचं तरी आयुष्यभराचं संशोधन आहे. ते थोडं समजून घेतलं, तर औषध वेळेवर का घ्यायचं, तपासण्या पुन्हा पुन्हा का होतात आणि बरं वाटायला लागलं तरी उपचार का थांबवायचे नाहीत, हे आपोआप कळतं. आणि या संशोधनाच्या अगदी सुरुवातीला मुंबईतल्या गरीब मुस्लिम आया उभ्या आहेत, ही गोष्ट तर आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

रक्त तयार होतं कुठं?

जेवताना नल्लीच्या हाडातून जो मऊ मगज निघतो, त्याच जातीची वस्तू माणसाच्या हाडांतही असते. मराठीत तिला अस्थिमज्जा म्हणतात, दवाखान्यात बोन मॅरो. मोठ्या माणसात कमरेचं हाड, छातीचं हाड आणि मणके इथला मगज म्हणजे रक्ताचा कारखाना. तिथं दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या लाल पेशी तयार होतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आठ-दहा दिवस. त्यामुळे हा कारखाना एक दिवसही बंद ठेवून चालत नाही.

सगळ्या पेशी मूळ पेशींपासून तयार होतात. मूळ पेशी वाढते, विभागते, मग शहाणी होते, म्हणजे ठरलेलं काम करण्याइतकी पक्व होते, आणि वेळ झाली की मरते. कधी वाढायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, हे सगळं पेशीतल्या डीएनएत लिहिलेलं असतं. डीएनएच्या या पोथीत सुमारे ६०० कोटी अक्षरांच्या जोड्या आहेत आणि ती ४६ गुणसूत्रांमध्ये बांधलेली आहे. पेशी विभागताना दर वेळी ही सगळी पोथी नव्यानं नकलून काढावी लागते. नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. एखादी नेमक्या जागची चूक मात्र राहून जाते.

विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर चिकटला की बटण दाबूनही मोटर बंद होत नाही, तसं काहीसं इथं होतं. "वाढ" हा हुकूम चालूच राहतो, "थांब" हा हुकूम ऐकू येत नाही. त्यात आणखी एक बिघाड झाला की पेशी पक्व होतच नाहीत, कच्च्याच राहतात. कच्च्या पांढऱ्या पेशींनी कारखाना भरून गेला की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. मग लाल पेशी कमी पडून माणूस फिका दिसतो, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. प्लेटलेट कमी पडून हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर जांभळे डाग उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्यानं ताप हटत नाही. लक्षणं वेगवेगळी दिसतात, पण मूळ एकच असतं.

लिंफोमा हा कॅन्सर बहुधा लसिकाग्रंथींत सुरू होतो, त्यामुळे मानेला, काखेत किंवा जांघेत गाठी येतात. मायलोमा मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा. पण सूत्र तेच: पेशीच्या पोथीत चूक, आणि त्या चुकीमुळे न थांबणारी वाढ.

मुंबईच्या मातांनी दाखवलेला रस्ता

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायकांमध्ये एक भयंकर प्रकारचा अशक्तपणा दिसत होता, रक्त इतकं कमी व्हायचं की बाळंतपणात बायका दगावायच्या. त्याचं कारण शोधणं हे त्यांचं काम. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून त्यांनी कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि गरीब वस्त्यांतल्या बायकांची पाहणी केली. कोण काय खातं, याची नोंद ठेवली. त्यातून दिसलं ते असं: सर्वांत निकस आहार गरीब मुस्लिम बायकांचा होता आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वांत जास्त होता.

जंतूंमुळे होतोय का, हेही विल्स यांनी तपासलं. तसं निघालं नाही. मग आहारात बदल करून पाहिला. शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि बायकांचं रक्त झपाट्यानं सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. कित्येक वर्षं त्याला नुसतं "विल्स फॅक्टर" म्हणत. पुढं ते फोलिक ॲसिड असल्याचं कळलं. आज आशाताई गरोदर बाईला ज्या लाल गोळ्या देते, त्यात लोहासोबत तेच असतं.

याचा कॅन्सरशी काय संबंध? पेशीला डीएनएची नक्कल काढायची तर त्यातली अक्षरं तयार करावी लागतात आणि त्यासाठी फोलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर मगजाचा कारखाना थंड पडतो. मुंबईच्या त्या बायकांचं नेमकं हेच झालं होतं. आता उलटा विचार करा. कारखाना बेफाम चालला असेल, तर त्याचं फोलिक ॲसिड तोडून तो थांबवता येईल का?

अमेरिकेत बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी हाच विचार केला. ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक ॲसिडच्या जातीची संयुगं दिल्यावर आजार उलट जोरात वाढल्याचं त्यांनी पाहिलं होतं. त्यांना फोलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण काम न करणारं औषध हवं होतं. ते तयार करणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याच चमूनं आधी फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं होतं. आता त्याची नकली किल्ली बनवली. पेशीतलं एन्झाइम या नकली किल्लीला खरी समजून पकडून बसतं आणि कुलूप जाम होतं. अक्षरं बनत नाहीत, नक्कल होत नाही, कॅन्सरची पेशी उपाशी मरते.

१९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरच्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती, आजार परत आला. पण त्याआधी ल्युकेमियाच्या मुलासाठी डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरलं जातं. एका औषधानं जमत नाही म्हणून पुढं अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि आज मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया चांगल्या केंद्रात, पूर्ण उपचार घेतले तर बहुतेक मुलांमध्ये बरा होऊ शकतो.

दोन गोष्टी इथंच सांगायला हव्यात. एक, यावरून फोलिक ॲसिडनं कॅन्सर होतो असा अर्थ काढू नका. गरोदरपणातल्या गोळ्या जरूर घ्यायच्या. दुसरी, ल्युकेमियाच्या मुलांना शेवटच्या टप्प्यात घरी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या जातात. त्या बहुधा आठवड्यातून एकदाच असतात, तर सोबतची दुसरी गोळी रोजची असते. दोन्हींची अदलाबदल झाली तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या एकाच माणसानं ही जबाबदारी घ्यावी, वार ठरवावा आणि कॅलेंडरवर खूण करावी.

पुण्याच्या कमल समर्थ

भारतात या आजाराचा पेशीच्या पातळीवर अभ्यास सुरू झाला, त्यात एक मराठी नाव अग्रभागी आहे: डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात जन्म, माहेरचं आडनाव समर्थ, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या शरीराबाहेर, बाटलीत पेशी जिवंत ठेवण्याचं तंत्र गाय यांच्याकडे होतं. ते शिकून त्या परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

हे महत्त्वाचं का? रुग्णावर थेट प्रयोग करता येत नाहीत. पेशी बाहेर वाढवता आली तरच तिच्या आत काय बिघडलं, कोणतं औषध तिला मारतं, हे पाहता येतं. ल्युकेमिया, स्तनाचा कॅन्सर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर यांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी उंदरांवर आधारलेल्या पद्धती विकसित केल्या. हार्मोन, विषाणू आणि कॅन्सर यांचा संबंध असतो, हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्या होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या संस्थेत त्यांनी काम केलं, तिचंच आजचं रूप म्हणजे नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक. आपल्या भागातले कितीतरी रुग्ण तिथं जातात, त्यांना ही परंपरा माहीत असावी. आणि विज्ञान शाखेत जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलींनाही.

दोन गुणसूत्रांची अदलाबदल आणि एक गोळी

१९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या आजाराच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र चमत्कारिक आखूड दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी उलगडा केला: ९ क्रमांकाच्या आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटले होते. त्या सांध्यावर दोन जनुकं जोडली जाऊन बीसीआर-एबीएल नावाचं तिसरंच जनुक तयार होतं. सीएमएलच्या रुग्णाच्या फाईलमध्ये हीच अक्षरं असतात. या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजे वर सांगितलेला चिकटलेला स्टार्टर. ते पेशीला सतत "वाढ, वाढ" सांगत राहतं.

मग त्या प्रथिनाच्या खाचेत नेमकी बसून त्याचं तोंड बंद करणारी गोळी शोधली गेली: इमॅटिनिब. ब्रायन ड्रकर, निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेल्या या औषधाला २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा आजार आता बहुतेक रुग्णांसाठी बीपी-शुगरसारखा रोज गोळी घेऊन काबूत ठेवण्याचा आजार झाला.

गोळी निघाली, पण किंमत? पेटंट असलेल्या मूळ गोळीचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जात होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळत होती. मूळ कंपनी नोव्हार्टिसनं भारतात पेटंट मागितलं तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि नॅटको, सिप्ला यांच्यासारख्या भारतीय कंपन्यांनी विरोध केला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेली सिप्ला ती हीच. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पेटंटची मागणी फेटाळली. जुन्याच रेणूचं थोडं बदललेलं रूप रुग्णाला जास्त गुणकारी असल्याचं सिद्ध होत नसेल, तर त्यावर नवं पेटंट देता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा. मोहोळसारख्या गावातला सीएमएलचा रुग्ण आज ही गोळी घेऊ शकतो, यात शास्त्रज्ञांइतकाच त्या लढाईचाही वाटा आहे.

रमजान आणि रोजची गोळी

गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, रुग्णाला बरं वाटतं. मग "आता कशाला?" म्हणून गोळ्या मागंपुढं होतात. इथंच धोका असतो. औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी झालं की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा विभागायला लागतात. विभागताना नव्या चुका होतात. त्यातल्या एखाद्या चुकीमुळे प्रथिनाच्या खाचेचा आकारच बदलतो आणि गोळी त्यात बसेनाशी होते. मग जास्त महागडी औषधं लागतात, तीही प्रत्येकाला लागू पडतीलच असं नाही. गोळी चुकवणं म्हणजे एका अर्थानं आजाराला कुलूप बदलायला वेळ देणं.

आपल्या घरांत हा प्रश्न रमजानमध्ये हमखास येतो. अब्बू म्हणतात, रोजे तर ठेवणारच. आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची सवलत दीनमध्येच आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मन मानत नाही. निर्णय रुग्णाचा आणि डॉक्टरांचा, पण तो रमजान सुरू होण्याआधी, दोघांनी बोलून घ्यायला हवा. कारण गोळ्या-गोळ्यांत फरक आहे. इमॅटिनिब जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि अनेकांना दिवसातून एकदाच असते. त्यामुळे इफ्तारनंतरची वेळ जमते का, हे डॉक्टरांना विचारता येतं. निलोटिनिब मात्र सहसा दिवसातून दोनदा आणि रिकाम्या पोटी असते: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सहरी-इफ्तारच्या गडबडीत हे गणित चुकतं आणि त्या औषधात असं चुकणं हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचं असतं. किमोथेरपी चालू असेल, उलट्या-जुलाब असतील, ताप असेल, तर शरीरात पाणी कमी पडू देणं परवडणारं नाही. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, एवढं पक्कं.

आणखी एक सावधगिरी. सोमल, म्हणजे उर्दूत संखिया, हे विष आहे. पण ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या एका विशिष्ट प्रकारात सोमलापासून बनवलेलं शुद्ध इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाच्या जातीची गोळी यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. चीनमधल्या हार्बिन आणि शांघायच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. या प्रकारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेली असते आणि ही औषधं नेमकी तिथं तयार झालेल्या विकृत प्रथिनावर काम करतात. म्हणून कुणी "संखियानं ब्लड कॅन्सर जातो" म्हणत भस्म किंवा पुडी देत असेल, तर हात जोडून नको म्हणा. दवाखान्यातलं औषध मोजून, हृदयावर लक्ष ठेवून दिलं जातं. पुडीत काय आणि किती आहे, कुणालाच माहीत नसतं.

रिपोर्ट नॉर्मल, तरी तपासणी का?

आजार सापडतो तेव्हा शरीरात कॅन्सरच्या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मगज स्वच्छ दिसतो, तेव्हाही त्यातल्या शंभर कोटी पेशी लपून राहिलेल्या असू शकतात. त्या शोधण्याच्या तपासणीला एमआरडी म्हणतात. पेशींवरच्या खुणांना रंगीत चमक देऊन, लेझरसमोरून एकेक पेशी नेऊन, दहा हजारांत किंवा त्याहूनही जास्त चांगल्या पेशींत लपलेली एक वाईट पेशी हुडकली जाते. दुसऱ्या पद्धतीत थेट डीएनएतली चूक वाचतात. ॲक्ट्रेकमधल्या डॉ. प्रशांत टेंभरे, डॉ. निखिल पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं या दोन्ही पद्धतींवरचं संशोधन जगभरच्या नियतकालिकांत आलेलं आहे. पुढचा उपचार सौम्य करायचा की कडक, हे या रिपोर्टवर ठरतं. म्हणून "सगळं नॉर्मल आहे, मग पुन्हा कमरेत सुई कशाला?" असं म्हणून ही तारीख चुकवू नये.

आपल्याच पेशींना दिलेली नवी नजर

सगळे उपचार करूनही काहींचा आजार परत येतो. त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि अलका द्विवेदी, अथर्व करुळकर यांच्यासारख्या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत देशातली पहिली स्वदेशी कार-टी उपचारपद्धत तयार केली. नाव नेक्सकार-१९.

टी-पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. कॅन्सरची पेशी मात्र घरच्याच माणसासारखी दिसत असल्यानं पहारेकरी तिला ओळखत नाहीत. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यात एक नवं जनुक बसवतात. त्यामुळे टी-पेशीच्या अंगावर एक नवा आकडा उगवतो, जो बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखून तिला अडकतो. या पेशी प्रयोगशाळेत वाढवून सलाइनसारख्या परत चढवतात. परदेशातल्या पहिल्या कार-टी औषधांत हा आकडा उंदराच्या प्रथिनापासून घेतला होता. मुंबईच्या चमूनं तो माणसाच्या प्रथिनाशी मिळताजुळता केला, उद्देश हा की त्रास कमी व्हावा.

पहिला उपचार ४ जून २०२१ ला खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत या उपचाराचं लोकार्पण झालं. २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार आटोपला किंवा घटला. हे सगळे असे रुग्ण होते, ज्यांच्यावर आधीचे उपचार चालले नव्हते.

पण ही जादू नाही. काही रुग्णांना जोराचा ताप, रक्तदाब कोसळणे असे त्रास होतात आणि उपचाराच्या गुंतागुंतीत मृत्यूही झाले आहेत. कधी कॅन्सरची पेशी सीडी-१९ ही खूणच पुसून टाकते आणि आजार परततो. शिवाय हा उपचार बी-पेशींच्या ठरावीक ल्युकेमिया-लिंफोमापुरताच आहे. खर्च परदेशाच्या साधारण एक दशांश असला, तरी लाखांतच जातो. प्रयोगशाळेतून मोहोळपर्यंतचं अंतर कमी झालंय, संपलेलं नाही.

मोहोळच्या घरात काय करायचं?

दोन आठवडे न हटणारा ताप, वाढता फिकेपणा, विनाकारण जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त, मुलाचं हाडं दुखतात म्हणून रात्री रडणं, मानेत-काखेत न दुखणारी गाठ, डाव्या बरगडीखाली जडपणा: यातलं काही असेल तर सीबीसी ही रक्ततपासणी आणि काचपट्टीवर रक्त पाहणारी स्मिअर तपासणी करून घ्या. बहुतेक वेळा साधंच कारण निघेल. पण तपासणीआधी मनानं किंवा दुकानातून विचारून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी ल्युकेमिया-लिंफोमाच्या पेशी काही दिवस दबतात, बरं वाटतं आणि निदान हुकतं.

जवळच्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये बार्शीतच देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते जाऊन रुग्णांची नोंद घेऊ लागले. गावाकडच्या कॅन्सरबद्दल देशाला पहिली भरवशाची माहिती सोलापूरच्याच मातीतून मिळाली.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. नावाच्या स्पेलिंगमधला फरक आधीच दुरुस्त करून घ्या, कारण शेख-शैख, मुलाणी-मुलानी असल्या फरकांवरून कागद अडकतात.

मगज बदलण्याची, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर सख्ख्या भावा-बहिणीचा पूर्ण जुळण्याचा संभव चारात एक असतो. १९८३ मध्ये टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा तिचा भाऊच दाता होता. आता अर्धा जुळणारे आई-वडीलही दाते होऊ शकतात. देणाऱ्याचा मगज काही आठवड्यांत भरून येतो, कायमची कमजोरी येत नाही. बहिणीला दाता व्हायचं असेल तर "तिचं लग्न व्हायचंय" म्हणून अडवू नका.

आणि हा आजार संसर्गानं पसरत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही. नजर लागल्यानं, कुणाच्या पापामुळे होत नाही. पेशीच्या पोथीतली ती नकलेची चूक असते. रुग्णाची भांडी वेगळी करण्यापेक्षा त्याला उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न आणि सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांपासून दूर अशी खोली द्या. अयादतीला दहा जणांनी खोलीत गर्दी करण्याऐवजी त्यातल्या चौघांनी रक्तपेढीत जाऊन प्लेटलेट दिल्या, तर त्या घराला त्याचा जास्त आधार होईल. प्लेटलेट बाहेर फक्त पाच दिवस टिकतात. त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत, कुणीतरी त्या त्या आठवड्यात जावंच लागतं.